बोली लागलेले आणि न लागलेले



२०२५च्या ३१ मे आणि १ जूनला मुंबईत प्रो कबड्डीच्या बाराव्या मोसमाचा लिलाव झाला. इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला गुजरात जायंट्सने २ कोटी २३ लाखांना घेतलं. देवांक दलालसाठी बंगालने २ कोटी २० लाख ५० हजार मोजले. त्या दोन दिवसांत आपल्या पनवेलकडच्या कबड्डी मंडळांच्या कट्ट्यांवर एकच हिशेब चालला होता. आपल्या जिल्ह्यातले किती गेले? कुठल्या मंडळाचे गेले? कितीला गेले?

हा हिशेब मांडणाऱ्यांना मी दोष देत नाही. पोरगं आपल्या डोळ्यांदेखत मातीत लोळत मोठं झालेलं असतं, त्याचं नाव पडद्यावर झळकलं की छाती फुगणारच. पण आयुष्यभर महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवल्यावर आणि निवड चाचण्यांना मैदानाच्या कडेला बसल्यावर मला असं ठामपणे वाटतं, की हा हिशेब अर्धाच आहे. एखादं मंडळ किंवा महाविद्यालय खेळाडू घडवतं की नाही, हे त्याच्या सर्वांत महागड्या खेळाडूवरून कळत नाही. ज्याच्यावर बोली लागलीच नाही, किंवा एका मोसमानंतर जो घरी परत आला, त्याच्या हाती त्या संस्थेने काय दिलं यावरून कळतं. या व्याख्यानमालेमागे ज्यांची स्मृती आहे, त्यांनी अशाच पोरांसाठी आपली संध्याकाळ न् संध्याकाळ खर्ची घातली. म्हणून हा विषय इथे मांडावासा वाटला.

आधी थोडं दूर, अमेरिकेत जाऊ. ही तुलना तिथे सर्वांत जास्त केली जाते आणि तिथल्या चुका आपल्याला फुकटात शिकता येतात.

अमेरिकेत बास्केटबॉलचा व्यावसायिक खेळाडू बहुतेक वेळा महाविद्यालयातून येतो. दरवर्षी जूनमध्ये एन.बी.ए. या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट होतो. तो लिलाव नव्हे. तिथे बोली लागत नाही, क्रम लागतो. मागच्या मोसमात जे संघ तळाला राहिले, त्यांना सोडतीत वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त असते. क्रमाने एकेक संघ एकेक मुलगा उचलतो, दोन फेऱ्या होतात, साठेक मुलांची नावं पुकारली जातात आणि संपलं. पहिल्या फेरीतल्या मुलाला किती पैसे मिळणार हेही त्याच्या क्रमांकावरून जवळपास ठरलेलं असतं. तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचाच अंदाज आहे, की ड्राफ्टला पात्र असलेल्या शंभर मुलांत जेमतेम एखाद्याचं नाव पुकारलं जातं.

मग वर्तमानपत्रं महाविद्यालयांची उतरंड लावतात. कुणाचे किती गेले? या हिशेबात केंटकी विद्यापीठ नेहमी वर असतं. २०१२ साली केंटकीने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि त्याच वर्षी त्यांचे सहा खेळाडू निवडले गेले. पहिला क्रमांक अँथनी डेव्हिस, दुसरा मायकल किड-गिलख्रिस्ट, दोघेही केंटकीचे. २०१५ साली पुन्हा सहा. आकडा ऐकून वाटतं, खेळाडू घडवावा तो केंटकीनेच.

आता जरा खोलात जाऊ. २००५च्या करारानंतर तिथे नियम आला, की मुलगा किमान १९ वर्षांचा हवा आणि शाळा सोडून त्याला एक वर्ष झालेलं हवं. त्यामुळे देशातले सर्वांत चांगले शाळकरी खेळाडू एकाच वर्षापुरते मोठ्या महाविद्यालयात यायला लागले. डेव्हिस केंटकीत एकच मोसम होता. तो तिथे आला तेव्हाच अख्ख्या देशाला ठाऊक होतं की हा पुढे जाणार. मग डेव्हिसला केंटकीने घडवलं असं म्हणायचं, की केंटकीने त्याला वेळेवर दारात घेतलं असं म्हणायचं? प्रशिक्षणाचं श्रेय वेगळं आणि पारख करण्याचं श्रेय वेगळं. दोन्हींना मान आहे, पण दोन्ही एका आकड्यात घातली की तो आकडा आपल्याला काहीच सांगत नाही.

याच्या उलट टोकाला डेव्हिडसन. उत्तर कॅरोलायनातलं दोनेक हजार विद्यार्थ्यांचं छोटं महाविद्यालय. स्टीफन करी हा अंगाने किरकोळ मुलगा. त्याच्या वडिलांच्या जुन्या विद्यापीठानेही त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो डेव्हिडसनला गेला, तीन वर्षं खेळला आणि २००९ साली सातव्या क्रमांकावर निवडला गेला. पुढे त्याने लांबून बास्केट टाकण्याची कला अशी रुजवली की अख्खा खेळच बदलला. 'किती गेले' या यादीत डेव्हिडसन कुठेच दिसत नाही. पण कुणी विचारलं की आलेल्या मुलात भर कुठे पडली, तर मी पहिलं नाव डेव्हिडसनचं घेईन.

आणि २०१५च्या त्याच केंटकी संघातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या संघात अँड्र्यू आणि आरन हॅरिसन हे जुळे भाऊ होते. एका आईची मुलं, एकच शाळा, एकच विद्यापीठ, एकच प्रशिक्षक, दोघेही सुरुवातीच्या पाचांत खेळणारे. ड्राफ्टच्या रात्री अँड्र्यू ४४व्या क्रमांकावर निवडला गेला. आरनचं नाव पुकारलंच गेलं नाही. त्याच संघात डेव्हिन बुकर राखीव बाकावरून उठून खेळायचा; तो तेराव्या क्रमांकावर गेला आणि दोन वर्षांनी, मार्च २०१७मध्ये, त्याने बॉस्टनविरुद्ध एका सामन्यात ७० गुण केले. एकाच मैदानावर, एकाच तालमीत वाढलेल्या मुलांची ही तऱ्हा. मग कुठल्या आकड्याने केंटकीचं मोजमाप करायचं?

२०१५च्या त्याच ड्राफ्टच्या रात्री आपल्या पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग ५२व्या क्रमांकावर डॅलसने निवडला. एन.बी.ए.च्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. आपल्याकडे केवढा आनंद झाला होता! नागपाड्याच्या बास्केटबॉल कोर्टावरच्या पोरांना तर आभाळ ठेंगणं झालं असेल. पण सतनाम एन.बी.ए.चा एकही सामना खेळला नाही. पुढे तो कुस्तीच्या व्यावसायिक रिंगणात गेला. निवड होणं म्हणजे पोचणं नव्हे, हे सांगायला मला याहून जवळचं उदाहरण सापडत नाही.

निवडणारा संघही नेहमी सर्वांत चांगल्या खेळाडूलाच निवडतो असं नाही. तो आपल्या घरात काय कमी आहे ते पाहतो. १९८४ साली पोर्टलंडकडे दुसरा क्रमांक होता. त्यांच्याकडे क्लाइड ड्रेक्सलर आधीच होता, म्हणून त्याच जागेवर खेळणारा आणखी एक मुलगा त्यांना नको होता. त्यांनी केंटकीचा उंचापुरा सॅम बोवी घेतला. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने तो नको असलेला मुलगा घेतला, त्याचं नाव मायकल जॉर्डन. आपल्याकडेही हे घडलंय. २००८ साली आय.पी.एल.च्या पहिल्या मोसमात एकोणीस वर्षांखालच्या मुलांचा लिलाव नव्हता, ड्राफ्ट होता. दिल्लीची पाळी आधी आली. फलंदाज त्यांच्याकडे भरपूर होते, गोलंदाज हवा होता, त्यांनी प्रदीप सांगवानला घेतलं. विराट कोहली बंगळूरकडे गेला. दिल्लीचं गणित त्या दिवशी चुकलं असंही मी म्हणणार नाही, त्यांची गरज खरी होती. पण त्या क्रमावरून दोन मुलांची गुणवत्ता ठरवणं हे मात्र साफ चूक.

आता आपल्या घरी येऊ. २६ जुलै २०१४ला प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला. त्याआधीच्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू होता राकेश कुमार, पाटणा पायरेट्सने त्याला १२ लाख ८० हजारांना घेतलं. २०२३ साली तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. नऊ वर्षांत विसाहून अधिक पट. २०१८ला महाराष्ट्राने हैदराबादेत सेनादलाला ३४-२९ असं हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद आणलं. कर्णधार होता मुंबईचा रिशांक देवाडिगा. काही महिन्यांनी लिलावात त्याच्यावर १ कोटी ११ लाखांची बोली लागली. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला त्याच लिलावात यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतलं होतं. त्या मोसमात त्याने २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण केले आणि पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना नेलं. एका वर्षात भाव चौपट. सिद्धार्थ चौपट चांगला झाला होता का? तो आधीपासूनच तेवढा होता, फक्त आधी बघणारा नव्हता. पुढे खांद्याच्या दुखापतीने त्याचा जवळपास अख्खा एक मोसम खाल्ला. तरीही २०२३मध्ये हरियाणाने त्याला १ कोटीला घेतलं.

लिलावाचं तंत्र थोडक्यात सांगतो, कारण बोलीचा अर्थ त्यात दडलेला आहे. प्रत्येक संघाकडे ठरावीक थैली असते, अलीकडे ५ कोटींची. खेळाडूंचे चार गट. अ गटाची मूळ किंमत ३० लाख, ब ची २०, क ची १३ आणि ड ची ९ लाख. संघात १८ ते २५ खेळाडू. थैलीतले सव्वादोन कोटी एकावर गेले तर उरलेल्यांचं काय, हे गणित टेबलावर बसलेला प्रत्येक जण करत असतो. म्हणून पहिल्या दिवशी कोटीच्या बोली लागतात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चांगला कोपरारक्षक मूळ किमतीला जातो, किंवा अनसोल्ड राहतो. त्या वेळी त्याच्या खेळात काही कमी नसतं, टेबलावरच्या थैल्या रिकाम्या झालेल्या असतात.

तर अमेरिकेत विचारतात, कुठल्या कॉलेजचा? आपल्याकडे विचारतात, कुठल्या मंडळाचा? हा फरक छोटा नाही. आपल्याकडे कबड्डी महाविद्यालयाची कधीच नव्हती. भाताची कापणी झाली की खाचरं मोकळी व्हायची, तिथेच मैदान आखायचं, चुन्याच्या रेषा मारायच्या आणि रात्री प्रकाशझोतात सामने. पनवेल, उरण, पेण, अलिबाग, हा सगळा आगरी-कोळी पट्टा या खेळावर पोसला गेला. गावदेवीच्या नावाचं मंडळ, मंडळाची जर्सी, मंडळाचा चषक. जिल्हा संघटनेकडे नोंदणी मंडळाची, राज्य अजिंक्यपदाला निवड मंडळाच्या खेळावरून. पुढे मुलगा चमकला की मुंबईच्या व्यावसायिक संघांची नजर जायची. रेल्वे, पोलीस, बँका, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया. नोकरी लागली की घर उभं राहिलं. खेळाडूचं आयुष्य मार्गी लावणारं ते पहिलं दार होतं, लीगच्या कितीतरी आधीचं. आजही राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे.

महाविद्यालय या सगळ्यात कुठे होतं? ते मंडळाची मुलं उसनी घ्यायचं. स्पोर्ट्स कोट्यातून प्रवेश द्यायचा, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आधी चार दिवस सराव, स्पर्धा झाली की पुढच्या वर्षीपर्यंत राम राम. ढाल मात्र प्राचार्यांच्या कार्यालयात काचेच्या कपाटात. हे मी बाहेरून बोलत नाही, अशा कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे असायच्या.

आता चित्र बदलू लागलंय. २०२२च्या ऑगस्टमध्ये नवव्या मोसमाच्या लिलावात पाचशेहून अधिक खेळाडू होते. त्यांत बंगळूरच्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेच्या अंतिम सामन्यातल्या दोन्ही संघांचे मिळून २४ खेळाडू होते. मला ही बातमी कोटीच्या बोलीपेक्षा मोठी वाटली. आपल्या कबड्डीच्या इतिहासात पहिल्यांदा 'कुठल्या विद्यापीठाचा?' हा प्रश्न लिलावाच्या दारात येऊन उभा राहिला. विद्यापीठाच्या संघात असणं हाच व्यावसायिक खेळाचा रस्ता ठरू शकतो, हे कुणीतरी लेखी मान्य केलं. आपल्या विद्यापीठाने आणि पनवेल परिसरातल्या महाविद्यालयांनी याचा अर्थ अजून पुरता ओळखलेला नाही असं माझं मत आहे.

दुसरा रस्ता नवोदितांचा. प्रो कबड्डीत न्यू यंग प्लेअर म्हणून मुलं घेतात, सगळे त्यांना एन.वाय.पी. म्हणतात. ही मुलं लिलावातून न जाता थेट चाचणीतून संघात येतात. दिल्ली संघात नवीन कुमार २०१८ला असाच आला आणि पुढच्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारला पुणेरी पलटणने २०२१ला असंच घेतलं. पलटणने आपली अकादमी काढली, मुलांना तिथेच वाढवलं आणि १ मार्च २०२४ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ हरवून पलटण विजेता झाली तेव्हा कर्णधार अस्लम होता. त्या सामन्यात पंकज मोहितेने एका चढाईत चार गुण घेतले आणि पारडं फिरलं. पलटणने त्या मोसमासाठी शादलूवर २ कोटी ३५ लाख खर्च केले होते हे खरं. पण त्याच्या भोवतीची बरीचशी मुलं घरची, कमी पैशांत आलेली आणि दोन-तीन वर्षं एकत्र खेळलेली होती. अस्लम आणि नाशिक जिल्ह्यातला आकाश शिंदे, दोघेही हांगझोच्या आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या भारतीय संघात होते. पुढे अस्लमच्या गुडघ्याला दुखापत झाली, अकरावा मोसम अर्ध्यावर सुटला. पलटणने त्याला सोडलं नाही. बाराव्या मोसमात तोच कर्णधार होता आणि पलटण पुन्हा अंतिम सामन्यात पोचली, दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. जखमी मुलाला वर्षभर सांभाळणं, ही घडवणाऱ्या संस्थेची खरी खूण आहे.

हे सांभाळणं म्हणजे नेमकं काय, ते मैदानावर उतरून सांगतो. आपल्या गावातला डावा कोपरारक्षक बघा. चढाईपटू निदान रेषा ओलांडून बोनससाठी पाय पुढे टाकतो. बोनस मिळायला समोर सहा किंवा सात खेळाडू हवेत, पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकायला हवा आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत हवा. म्हणजे क्षणभर त्याचा सगळा भार एकाच पायावर असतो. आपला पोरगा याच क्षणाची वाट बघत असतो. तो गुडघ्यात वाकलेला, शेजाऱ्याचा हात हातात, डोळे चढाईपटूच्या कमरेवर, पायावर नाही, कारण पाय फसवतो, कंबर फसवत नाही. पाय टेकला की हा झेपावतो आणि दोन्ही पंजांनी घोटा धरतो. ही घोट्याची पकड तो वयाच्या बाराव्या वर्षापासून अनवाणी मातीत शिकलेला असतो. मातीत पायाची बोटं रुततात, झेप घेताना माती थोडी सरकते, अंग घसरत जातं. मॅटवर बूट घालून हाच पोरगा झेपावला की बुटाचा रबर मॅटला चिकटतो, पाय जागेवर थांबतो, अंग पुढे जातं आणि मधे गुडघा पिळवटतो. मॅटवर पहिल्या काही महिन्यांतच गुडघ्याचा अस्थिबंध गमावलेली गुणी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या पकडीत काही दोष नव्हता. माती आणि मॅट यांतलं अंतर कापायला त्यांना कुणी वेळ दिला नाही. चाचणीच्या दिवशी बाहेर बसलेल्या माणसाला एवढंच दिसतं की पोरगं उशिरा झेपावतंय. तो वहीत फुली मारतो.

इथे महाविद्यालय काय करू शकतं, तर मॅट देऊ शकतं. नुसती निवड चाचणीच्या दिवशी अंथरलेली नव्हे, रोजची. पनवेल आता महानगरपालिका आहे, विमानतळ झाला, सिडकोने साठ वर्षांपूर्वीच्या खाचरांवर शहरं उभी केली. गावांची मैदानं त्यात गेली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. उलव्याला रामशेठ ठाकूर क्रीडा संकुल उभं आहे, आपल्याकडे इतरही अकादम्या आहेत, पण गव्हाण-वहाळच्या पोराला रोज संध्याकाळी सात वाजता फी न भरता जिथे जाता येईल अशी छपराखालची मॅट कुठे आहे? ती जागा महाविद्यालयाच्या आवारातच असू शकते.

मुलींबद्दल बोललो नाही तर हे व्याख्यान अपुरं राहील, कारण मुलींच्या बाबतीत लिलावाचा हिशेब मुळात लागतच नाही. लिलावच नाही तर हिशेब कसला! २०१६ साली तीन संघांचं महिला कबड्डी चॅलेंज झालं, पुढे थांबलं. २०१२ला पाटण्यात भारताने महिलांचा पहिला विश्वचषक जिंकला, त्या संघात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या आपल्या तिघी होत्या. त्यांच्यापैकी कुणावर कोटीची बोली लागली नाही. आणि नेमकं इथेच महाविद्यालयाचं मोल दिसतं. लोअर परळची सोनाली शिंगटे परळच्या महर्षी दयानंद महाविद्यालयात शिकत असताना कबड्डीकडे वळली. घरची परिस्थिती बेताची. तिला शिवशक्ती महिला संघात राजेश पाडावे यांचं मार्गदर्शन मिळालं, पुढे पश्चिम रेल्वेची नोकरी मिळाली आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकणाऱ्या भारतीय संघात ती होती. एक महाविद्यालय, एक मंडळ आणि एक नोकरी, तिन्ही एकमेकांना जोडलेली. लिलावाच्या आकड्यात हे कधीच उतरणार नाही, पण मला विचाराल तर खेळाडू घडवण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

आता अभ्यासाबद्दल, आणि इथे मला थोडं कडक बोलायचं आहे. प्रो कबड्डीचा अकरावा मोसम १८ ऑक्टोबर ते २९ डिसेंबर २०२४ असा झाला. बारावा २९ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर २०२५. पहिल्या सत्राच्या परीक्षा याच दिवसांत येतात. एन.वाय.पी. म्हणून निवडला गेलेला एस.वाय.चा मुलगा शिबिराला गेला की ७५ टक्के हजेरी गेली, परीक्षा गेली, ए.टी.के.टी. पदरात. मोसमात तो एखादा सामना खेळतो किंवा बाकावरच बसतो. पुढच्या वर्षी संघ त्याला ठेवत नाही. परत आल्यावर पदवी अर्धवट, आणि नोकरीच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, पदवी आवश्यक. ५ टक्के आरक्षण आहे, पण अर्ज भरायला पदवी नाही. प्रमाणपत्र पडताळणीला गेलं की स्पर्धेच्या नोंदी अपुऱ्या, कारण महाविद्यालयाने कागद वेळेवर पाठवलेला नसतो. मुलाने सगळं बरोबर केलं आणि तरी तो दोन्हीकडून गेला.

अमेरिकेबद्दल आपण खूप वाईट बोलतो, त्यांच्या महाविद्यालयीन खेळात पैशाचा सुळसुळाट आहे हेही खरं. पण एक गोष्ट त्यांनी केली. खेळाडूंच्या अभ्यासाचा गुणफलक त्यांनी जाहीर ठेवला, आणि त्यात नापास झालेल्या संघाला शिक्षा केली. कनेटिकट विद्यापीठ हा बास्केटबॉलमधला मोठा दबदबा असलेला संघ. खेळाडूंच्या अभ्यासाची कामगिरी निकषात बसली नाही म्हणून २०१३च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना खेळूच दिलं नाही. पुढच्या वर्षी, २०१४ला, तेच विद्यापीठ परत आलं आणि विजेतं ठरलं. अभ्यासाकडे लक्ष दिलं म्हणून खेळ बुडाला नाही.

माझी मागणी साधी आहे आणि ती आज, या मंचावरून, मी नावानिशी मांडतो. पनवेल तालुक्यातल्या महाविद्यालयांनी आणि मंडळांनी मिळून एक नोंदवही ठेवावी. एका बाजूला मुलाचं किंवा मुलीचं नाव, गाव, मंडळ, पहिला प्रशिक्षक. मग महाविद्यालय, वर्ग, कुठल्या वर्षी आंतरविद्यापीठ खेळला. मग चाचण्या, निवड झाली का, बोली लागली का, अनसोल्ड राहिला का. दुखापत कुठली, उपचार कोणी केले, खर्च कोणी केला. पदवी पूर्ण झाली का. आणि शेवटचा रकाना, पाच वर्षांनी तो काय करतो. ज्यांची नावं कधी पुकारली गेली नाहीत ती नावं या वहीत आधी यावीत.

विद्यापीठाकडे दोन गोष्टी मागाव्यात. लीगच्या किंवा राष्ट्रीय शिबिराच्या काळात परीक्षा चुकलेल्या खेळाडूची त्याच सत्रात पुन्हा परीक्षा घ्यावी, पुढच्या सत्राची वाट बघायला लावू नये. आणि संघाचा शिबिराचा कागद आला की त्या दिवसांची हजेरी धरावी. नियमाची एक ओळ बदलायची आहे, पैसा लागत नाही.

नोंदवही २०१४पासून सुरू करावी, लीगच्या पहिल्या मोसमापासून. त्या साली जी मुलं एफ.वाय.ला होती ती आज तिशीच्या आसपास आहेत. काही रेल्वेत आहेत, काही पोलिसांत, काही रिक्षा चालवतात, काही जण गावात लहान मुलांना पकड शिकवतात. त्यांचे फोन नंबर मंडळांकडे आहेत. व्याख्यान संपल्यावर मी खाली दाराशी वही घेऊन बसणार आहे. आज इथे जे खेळाडू आले आहेत त्यांनी जाण्याआधी आपापलं नाव त्यात लिहून जावं.